तुळजोजीअण्णांची घडी

फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचे तुळजोजीअण्णा पाहिलेले नाहीत. चपला ऑफिसच्या दाराबाहेर, डबा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात आणि खुर्चीवर ताठ मांडी. खुर्ची जरा फिरली की एका हाताने टेबलाची कड धरायची आणि बोलणं तसंच चालू ठेवायचं. पहिल्या आठवड्यात दारावरच्या सुरक्षावाल्याने त्यांना तीनदा अडवलं, कोणाला भेटायचंय म्हणून. तिन्ही वेळा अण्णांनी शांतपणे सांगितलं, "मी इथंच असतो की."

इथं म्हणजे बंगळूरच्या हेब्बाळला, तळ्याकडे तोंड करून असलेल्या एका काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. आम्ही कॉम्प्युटरवर खेळायचे बंदुकीचे खेळ बनवतो. एक मोठा मुलूख असतो, त्यात खेळाडूने पाहिजे तिकडे फिरायचं, पाहिजे त्याच्यावर गोळी झाडायची. त्या खेळातली गोष्ट मी लिहिते. निपाणीत आमच्या गल्लीत अजून कोणाला हे काम वाटत नाही. आई विचारणाऱ्यांना सांगते, वैशू बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि विषय बदलते.

अण्णा माझे घरमालक. चिकपेटच्या बाजारामागच्या गल्लीत खाली ते, वर मी. त्यांचे पूर्वज बंगळूरला कधी आले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठीच, पण त्यात 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, असलं कन्नड इतकं कालवलेलं की पहिले दोन महिने मी नुसती मान हलवायची. सगळी उमर त्यांनी एकाच साडीच्या दुकानात, गादीवर बसून साड्या दाखवण्यात घालवली. मालकाच्या मुलांनी दुकान बंद केलं तेव्हा अण्णा साठीला आलेले, बायको गेलेली, मुलगी हुबळीला दिलेली. मग दिवसभर घराच्या पायरीवर बसून रस्त्याने जाणाऱ्या बायकांच्या साड्या ओळखायचे. "इरकल. नवी न्हवे, आईची," असं स्वतःशीच. साठीच्या माणसाला असं पायरीवर ठेवून रोज ऑफिसला जाताना माझा जीव थोडा थोडा व्हायचा.

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. खेळ अर्धामुर्धा झाला की कधीच न खेळलेली माणसं आणून बसवायची आणि आपण मागे उभं राहून बघायचं. ती चुकली तरी तोंड उघडायचं नाही. एकदा येणाऱ्यांपैकी एकाने ऐन वेळी नाही म्हटलं, म्हणून मी अण्णांना घेऊन गेले. म्हटलं, चला, तेवढाच तुमचा दिवस जाईल.

आमचा तो खेळ एका सरहद्दीवरच्या मुलखात घडायचा. एक माजी सैनिक हरवलेल्या भावाला शोधत फिरतो, वाटेत हत्यारं पळवणाऱ्या टोळ्या. सगळे रस्ते जिथे मिळतात त्या चौकात एक चहाचं दुकान होतं. जखमी झालात की तिथे चहा प्यायचा, की बरे. चहा देणाऱ्या बाईला आम्ही कागदोपत्री 'चहावाली तीन' म्हणायचो.

अण्णांनी खेळायचा बटणांचा कंट्रोलर दोन्ही हातांत प्रसादाच्या ताटासारखा धरला आणि आधी सरळ त्या दुकानावर गेले. चहा मागायला म्हणून बटण दाबलं, ते नेमकं बंदुकीचं. बाई पडली. असं शंभर जणांचं झालेलं आम्ही पाहिलं होतं आणि शंभरही जण हसले होते. अण्णा हसले नाहीत. कंट्रोलर टेबलावर ठेवला, हात पँटला पुसले आणि म्हणाले, "आता कोण तरी येईल ना?"

आम्ही रीतीप्रमाणे गप्प. पाच मिनिटं तो माणूस त्या पडद्याकडे बघत बसला. मग खेळाच्या नियमाप्रमाणे चहावाली तीन जागच्या जागी परत उभी राहिली, हातात किटली घेऊन म्हणाली, "या, बसा. चहा घेणार?"

अण्णा खुर्चीतून उठलेच. "ही कोण?"

माझ्याच्याने राहवलं नाही. "तीच ती, अण्णा."

"तीच कशी? तिला मी मारलं की."

"परत येते ती. सगळेच येतात."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "मग मी काय केलं?"

अण्णांनी तो चहा घेतला नाही. आमचा मुख्य प्रवीण, मैसूरकडचा, मागे उभं राहून हे सगळं ऐकत होता. मराठी त्याला पुरती येत नाही, पण एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, तुझ्या त्या घरमालकांना विचार, रोज येतील का.

अशा रीतीने अण्णा गोष्टीच्या टीममध्ये आले. आम्ही सहा जण होतो, ते सातवे. ओळखपत्रावर 'कथा सल्लागार' लिहिलं होतं, पण गल्लीत ते सांगायचे, गोष्टीच्या दुकानात आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी चहावाली तीनचं नाव नागूअक्का ठेवलं. नाव ठाऊक नाही त्या बाईकडे चहा कसा मागायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. मग नागूअक्का पेला दोनदा विसळायला लागली, शेवटच्या बसच्या ड्रायव्हरसाठी एक पेला झाकून ठेवायला लागली. कोणी काही लिहून आणलं की अण्णा कागद हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी घडी उलगड. पदर बघू दे." म्हणजे शेवट सांग, मग बाकीचं.

माझं आणि त्यांचं वाजलं ते निवडीवरून. मी त्या खेळासाठी निवडीचं झाड काढलं होतं, भिंतभर. खेळाडूपुढे जागोजागी दोन चौकटी उघडायच्या: कैद्याला सोडा की मारा, गावाला सांगा की गप्प बसा. एका फांदीतून दोन, दोनातून चार, असं करत सात शेवट. पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम त्या भिंतीसमोरून न्यायची. अण्णांनी चष्मा लावून ती अख्खी भिंत वाचली, सकाळच्या कॉफीपासून जेवणापर्यंत.

"अक्का," मला ते अक्काच म्हणायचे, "तू गिऱ्हाइकाला विचारतीस, लाल देऊ का हिरवी."

"मग विचारायला नको?"

"विचारलं की ते शोभेल असं उत्तर देतंय. मनातलं नाही. आणि फाटे लई फोडलेस तू. रस्ता कुठाय?"

मला चिडायला फार काही लागत नाही, हे निपाणीत सगळ्यांना माहीत आहे. चार दिवस मी अण्णांशी बोलले नाही. एकच जिना, एकच बस, एकच टेबल, तरी नाही. अण्णांनी मनावर घेतलं नाही. बसमध्ये माझी जागा डबा ठेवून धरायचे, मी बसले की डबा मांडीवर घ्यायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "तुमच्या सगळ्यांना घेऊन चिकपेटला ये. दाखवतो."

त्यांच्या एका जुन्या दोस्ताचं दुकान होतं. अण्णा एका दुपारपुरते गादीवर बसले आणि आम्ही सहा जण भिंतीला टेकून. पन्नाशीच्या एक बाई सुनेला घेऊन आल्या. म्हणाल्या, रोज नेसायला सुती दाखवा, करड्या रंगात, वयाला शोभेल अशी. अण्णांनी करड्या साड्यांची थप्पी उलगडली आणि बाजूला, काही न बोलता, एक हळदी रंगाची टाकून ठेवली. बाई करड्या साड्यांबद्दलच बोलत होत्या. हात मात्र दर थोड्या वेळाने त्या हळदी पदराला लागून परत यायचा. अण्णा गप्पा मारत होते, सुनेचं माहेर विचारत होते, आणि एकेका करड्या साडीची घडी घालून मागे ठेवत होते. शेवटी समोर दोनच उरल्या, एक करडी, एक हळदी. आता विचारतील असं मला वाटलं. अण्णा पाणी प्यायला उठून गेले. परत आले तेव्हा हळदी साडी बाईंच्या मांडीवर होती.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "तुम्हीच विकलीत की तिला."

"छे. मी बाकीच्या घड्या घातल्या. तोंड दुकानदाराशी बोलतंय, अक्का. हात आपला आपण बोलतोय. तुमच्या खेळात हाताकडे कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरचं झाड स्वतःच्या हातांनी उतरवलं. चौकटी गेल्या. खेळ विचारायचा बंद झाला आणि बघायला लागला. गावात शिरताना बंदूक खाली केलीत का? उभ्या पिकातून गाडी घातलीत की वळसा घेतलात? पळणाऱ्याच्या पाठीवर नेम धरलात की जाऊ दिलंत? बंदूक रोखून तिसऱ्यांदा गावात आलात की दारं लागायची, आणि ज्या म्हाताऱ्याला तुमच्या भावाचा ठावठिकाणा माहीत तो परगावी गेलाय असं आतून सांगायचे. खेळाडूला वाटायचं, गावच माणूसघाणं आहे. गाव तसं नव्हतं, तो तसा आला होता. सात शेवटांचे तीन झाले, पण ते तीन ज्याचे त्याचे असायचे. मी लिहिलेल्यातलं मला सगळ्यात आवडतं ते हेच, आणि ते मला अण्णांनी लिहायला लावलं.

मग अण्णांनी नागूअक्काचा विषय काढला. ती मेली की मेली. परत येणार नाही, आणि खेळ तुम्हाला एका अक्षराने सांगणारही नाही. चित्रं करणाऱ्यांनी विचारलं, मग दुकानाचं काय दाखवायचं? अण्णांनी टेबलाची कड धरली.

"दूधवाल्याला कोण सांगणार? तो तीन दिवस दूध ठेवून जातो. चौथ्या दिवशी येत नाही. पेले पालथेच राहतात. आमच्या घरी तसंच झालं."

जसं सांगितलं तसंच केलं.

स्वतःसाठी म्हणून अण्णांनी एकच गोष्ट मागितली. नागूअक्काच्या बाकावर बंदूक ठेवता आली पाहिजे. प्रवीण हसला, "अण्णा, बंदुकीच्या खेळात बंदूक ठेवून कुठे जाणार?"

"दुकानात छत्री ठेवून जातात की माणसं. विसरून नाही. ठेवून."

प्रवीणने वाद घातला नाही. बंदूक ठेवली की नागूअक्का काय करेल, तर एका जुन्या लुगड्याच्या घडीत ती गुंडाळून बाकाखाली सारेल, मागायला आलात तर परत देईल. आता लुगड्याची घडी आमच्याकडे कोणाला धड घालता येते? चित्रं करणाऱ्यांनी अण्णांनाच उभं केलं. मनगटांना पट्ट्या बांधल्या, कॅमेरे लावले आणि त्यांच्याकडून घडी घालून घेतली, तीच हालचाल नागूअक्काच्या हातांना द्यायला. काठाला काठ, अंगठ्याने सुरकुती काढायची, आणि शेवटी वरून तळहाताची एक हलकी थाप. अण्णांनी चाळीस वेळा घातली. एकदाही कंटाळले नाहीत, उलट म्हणाले, किती दिवसांनी हाताला काम मिळालं.

पण नागूअक्काच्या मरणावर प्रकरण येऊन अडकलं. आमचा खेळ बाजारात आणणारी परदेशी कंपनी. त्यांनी सुधारणांची यादी पाठवली आणि पहिलंच कलम हे: मेलेली पात्रं परत यावीत, नाहीतर खेळाडू चिडतात. पुढे स्वच्छ लिहिलं होतं की हे होत नसेल तर गोष्टीचा भाग काढून नुसती मारामारी ठेवू. म्हणजे गोष्टीची टीम बंद. म्हणजे आम्ही सहा जण घरी आणि अण्णा परत त्या पायरीवर. पाहणीसाठी त्यांच्या हेलनबाई दोन दिवस हेब्बाळला येणार होत्या.

त्या यायच्या सकाळी प्रवीण अण्णांच्या टेबलापाशी आला. पाच मिनिटांनी परत येण्याची जुनी सोय खेळात तशीच पडून होती, चालू करायची तेवढी बाकी. बिचाऱ्याला ते सांगणं जड जात होतं. "अण्णा, स्वल्प अॅडजस्ट माडी. थोडं सांभाळून घ्या, सगळ्यांचं काम राहील."

खरं सांगायचं तर मला वाटलं, अण्णांनी हो म्हणावं. माझ्या खोलीचं भाडं, आई, सगळं मनात येऊन गेलं.

अण्णा म्हणाले, "सरी. आण परत. पण मग तिचं नाव काढ. नागूअक्का म्हणू नको. चहावाली तीन म्हण."

ते रागाने बोलले नाहीत. साडी परवडत नसेल तर दुसरी दाखवतो, अशा आवाजात बोलले. प्रवीण आपल्या टेबलाकडे परत गेला. त्याने ती सोय चालू केली नाही. त्या माणसाला मी तोवर नुसता साहेब समजत होते.

हेलनबाई खेळायला तरबेज. पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी चौकात टोळीच्या बसगाडीवर त्यांनी गोळीबार केला, त्यातली एक भरकटलेली गोळी मागे दुकानात गेली. त्यांच्या लक्षातही आलं नाही. आमच्या सगळ्यांच्या आलं. पुढे त्या खूप लढल्या, जखमी झाल्या, आणि चहाला म्हणून चौकात परत आल्या. खेळातले दोन दिवस गेले होते.

पेले पालथे. दाराशी दुधाच्या दोन पिशव्या. शेवटच्या बसचा ड्रायव्हर उतरला, बाकाशी थोडा थांबला, परत बसमध्ये चढला. हेलनबाईंनी दुकानाला चक्कर मारली, मागे गेल्या, सगळी बटणं दाबून पाहिली. मग इंग्रजीत विचारलं, ही बाई कुठे गेली?

रीतीप्रमाणे आम्ही सगळे गप्प. अण्णांनी मांडी मोडली आणि उभे राहिले. त्यांचं इंग्रजी दुकानापुरतं. "यू, मॅडम. बस टाइम."

बाईंना आठवायला थोडा वेळ लागला. चेहरा बदलला तो आम्ही पाहिला. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, हिला परत कसं आणायचं?

प्रवीणने अण्णांकडे पाहिलं. मी टेबलाची कड धरली होती, अण्णा धरायचे तशी.

"नो स्टॉक, मॅडम," अण्णा म्हणाले. "वन पीस ओन्ली."

हेलनबाई दुधाच्या त्या दोन पिशव्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खेळ बंद केला आणि अगदी सुरुवातीपासून परत चालू केला. तीन तास खेळून त्या चौकात पोचल्या तेव्हा टोळीची बसगाडी समोरून जाऊ दिली, बंदूक खाली केली, दुकानात जाऊन चहा मागितला. जाताना यादीतलं पहिलं कलम त्यांनी स्वतःच्या पेनने खोडलं. अण्णांना वाकून नमस्कार करायला गेल्या, तर अण्णा एवढे गडबडले की उलट त्यांनीच बाईंना नमस्कार केला. त्या दिवशी मी आईला फोन करून सगळं सांगितलं. आईने पहिल्यांदाच विषय बदलला नाही.

खेळ बाजारात आला. नागूअक्का गेली म्हणून चिडलेल्यांची पत्रं आली, आणि तिच्यासाठी पहिल्यापासून परत खेळलो असं सांगणाऱ्यांची त्याहून जास्त आली. प्रवीण ती अण्णांना कन्नडमध्ये वाचून दाखवायचा. अण्णा ऐकायचे आणि एवढंच म्हणायचे, "गिऱ्हाईक चांगलं आहे."

मुलीला दिवस गेले तेव्हा अण्णांनी हुबळीला जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी सगळे त्यांच्या खुर्चीभोवती जमलो, म्हटलं, अण्णा, एकदा तुम्ही खेळून दाखवा. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्या दिवसानंतर कंट्रोलर हातात घेतला नव्हता. त्यांनी तो तसाच ताटासारखा धरला. हळूहळू चौकात गेले. आम्ही मागून वाकून बघत होतो, कारण बटणाचा त्यांचा भरवसा नव्हता. या वेळी बरोबर दाबलं. नागूअक्काने पेला दोनदा विसळून चहा दिला. तो झाल्यावर अण्णांनी बंदूक बाकावर ठेवली, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि डबा उचलला.

"येतो, अक्का," म्हणाले. मला की तिला, ते कळलं नाही. दाराबाहेर चपला घातल्या आणि लिफ्टकडे गेले. मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती.

मी पडद्याकडे वळले. नागूअक्काने जुनं लुगडं घेतलं, बंदुकीवर पसरलं आणि घडी घालायला लागली. काठाला काठ. अंगठ्याने सुरकुती काढली. वरून तळहाताची हलकी थाप दिली आणि बाकाखाली सारलं. जगात कुठेही, कोणीही त्या बाकावर बंदूक ठेवू दे, तिच्यावरची घडी आमचे अण्णाच घालतात.